चार मिलिमीटरचे मदने सर

मदने सर कुणाशीही बोलायला उभे राहिले की आधी त्याच्या कपड्यावरचा सुटलेला धागा ओढून घेत. प्राचार्य असोत, शिपाई असो, नाहीतर एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस. धागा उजेडात धरायचा, दोन बोटांत पिळायचा, एक टोक जिभेला लावायचं आणि निकाल द्यायचा. "टेरिकॉट हाय. दुकानदारानं सुती म्हणून दिलं आसंल तुमाला." समोरचा खजील होई. सर आपले पुढच्या विषयावर.

माझ्या पदराची दशी त्यांनी पहिल्याच भेटीत ओढली. आमच्या ह्यांची बँकेत बारामतीला बदली झाली, म्हणून मी तिथल्या कॉलेजात मदने सरांकडे संशोधन सहायक म्हणून रुजू व्हायला गेले होते. अठ्ठावीस वर्षांची, पुण्याची, एम.एस्सी.ला सुवर्णपदक. आज माझी नात माझ्या चपला लपवून ठेवते आणि मी तासभर घरभर शोधत बसते, पण तेव्हा माझ्याएवढं शहाणं माणूस नीरा नदीच्या अलीकडे नाही अशी माझी खात्री होती. सरांनी काही विचारायच्या आत मी सांगून टाकलं, "सर, मी विद्यापीठात पहिली आले होते."

सरांनी दशी जिभेवरून काढली. "बरं झालं. आता हितं दुसऱ्या या."

"मग पहिलं कोण?"

"ते अजून यायचंय," असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी मेडलबाई. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

सर मेंढपाळाच्या घरातले. वडील कळप घेऊन घाटाखाली उतरायचे, दिवाळीनंतर जायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. सरांचं लहानपण मेंढरांच्या मागे आणि आईच्या टकळीपुढे गेलं. मग शाळा, मुंबईच्या एका गिरणीत सूत तपासायची नोकरी, रात्रीचं कॉलेज, आणि चाळिशी उलटल्यावर पीएचडी. तोवर घरचा कळप मोडला होता, थोरल्या भावानं निमगाव केतकीला ऊस लावला होता. सर मात्र शर्टाच्या खिशात लोकरीचा पुंजका बाळगत. विचार करताना बोटं आपोआप तो पिळायला लागत. स्टाफ मीटिंग संपली की त्यांच्या खुर्चीपुढे टेबलावर काळ्या लोकरीची तार पडलेली असे. शिपाई ती उचलून हातावर मोजायचा आणि बाहेर जाऊन सांगायचा, "आज प्राचार्य दीड हात बोलले."

प्रयोग फसला असं ते कधी म्हणत नसत. "आज न्हाय आली," म्हणत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दाराकडे बघून विचारलं, "कोण?"

"तार."

ही तार म्हणजे काय, ते सांगायला हवं. माणसाची मोठी रक्तवाहिनी खराब झाली तर तिच्या जागी विणलेली नळी बसवतात, तशा नळ्या परदेशातून येत. पण त्या बोटाएवढ्या जाड. करंगळीच्या निम्म्या जाडीची नळी घातली की रक्त तिच्यात गोठतं आणि ती बुजून जाते. सरांचे थोरले भाऊ आण्णा बिड्या ओढायचे. त्यांच्या पायाच्या शिरा बुजल्या. डॉक्टर सरांना म्हणाले होते, "एवढ्या बारीक मापाची नळी आमच्याकडे नाही. कुणाकडेच नाही." आण्णांचा पाय गुडघ्याखाली काढला. ही हकिकत सर बसचं वेळापत्रक सांगावं तशी सांगत. शेवटी मात्र दर वेळी थांबून म्हणत, "कुणाकडंच न्हाय म्हणाला. आसं कसं?"

म्हणून चार मिलिमीटरची नळी. तीसुद्धा विणायची नाही, केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या तंतूंचा थर द्यायचा, म्हणजे शरीरातल्या पेशींना त्यावर पाय रोवता येतील. माल कोणता, तर ऑपरेशनच्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचे पांढरे दाणे. उसाच्या मळीपासून आम्ल करतात आणि त्या आम्लापासून हे दाणे. सर शिकवताना सांगायचे, "हे बी तुमच्या उसाचंच नातवंड हाय. फकस्त चहात टाकू नका."

आमची प्रयोगशाळा म्हणजे सायकली ठेवायची जुनी खोली. भंगारातल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीमधला विजेचा दाब वाढवणारा भाग सरांनी काढून घेतला होता. दाणे क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून सिरिंजमध्ये भरायचे, तिच्या टोकाला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. मग टोकावरचा थेंब ताणला जाऊन निमुळता होतो आणि त्याच्यातून न दिसणारी तार निघून समोरच्या फिरत्या सळईकडे झेपावते. सळईवर हळूहळू पांढरी साय धरते. हा विचार सरांचा नव्हे, कुठल्याशा जुन्या परदेशी पेटंटची अंधुक झेरॉक्स त्यांना मिळाली होती. टीव्ही मात्र त्यांचा.

अडलं होतं सळईवर. सायकलचा आरा बारीक पडे, लोहाराकडची सळई जाड. सर आठवडाभर व्हर्निअर घेऊन गावभर लोकांच्या वस्तू मोजत हिंडत होते. एकदा त्यांनी प्राचार्यांच्या छत्रीची काडी मोजली, छत्री प्राचार्यांच्या हातात असताना.

मी तेव्हा ह्यांच्यासाठी स्वेटर विणत होते. मे महिन्यात. बारामतीत. माझ्या अकलेबद्दल याहून जास्त पुरावा द्यायची गरज नाही. दुपारी द्रावण ढवळलं जाईपर्यंत स्टुलावर बसून मी बाही विणत होते, आणि सर एकदम माझ्यापुढे उकिडवे बसले. सुईला व्हर्निअर लावला.

"चार!" ते ओरडले. "मेडलबाई, बरोब्बर चार!" आणि सर्रकन सुई ओढून घेतली.

माझे चाळीस टाके गळून मांडीवर पडले. मी किंचाळले.

"टाके परत घेता येत्यात," सर पॉलिश पेपरनं सुईवरचा रंग घासायलाही लागले होते. "ही सुई कुठं मिळणार?"

तशा सुया पेठेतल्या कुठल्याही लोकरीच्या दुकानात टांगलेल्या असत, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. माझ्याकडे पदक असूनही. ह्यांचा स्वेटर शेवटी बिनबाह्यांचा झाला.

शिलाई मशीनच्या मोटरवर ती सुई फिरू लागली आणि तार यायला लागली. पहिली धड नळी झाली त्या दिवशीची गोष्ट. सुईवर छान साय धरली होती, सर श्वास रोखून बघत होते. मला ज्ञान दाखवायची हुक्की आली. "सर, दाब जास्त असला तरी प्रवाह नगण्य आहे. सैद्धांतिकदृष्ट्या धोका शून्य," असं म्हणत मी सिरिंजच्या टोकाकडे बोट नेलं.

मी स्टुलासकट मागच्या कपाटावर जाऊन आपटले. सरांनी आधी बटण बंद केलं. मग नळीपाशी गेले, वाकून तिच्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"बरी हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आन् तुमी?"

मेंढीच्या मानेतली रक्तवाहिनी साधारण माणसाच्या पायातल्या वाहिनीच्या जाडीची असते, म्हणून पुढची परीक्षा मेंढीवर. आण्णांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, कळप मोडल्यावरही सात-आठ मेंढ्या राखल्या होत्या. बाई उंच, बोलायला तोडून. त्यांनी सरांना मेंढ्या दिल्या, पण ठराव करून. सहा महिन्यांनी मेंढी कापायची, नळी काढून प्रकल्पाला पैसे देणाऱ्या पुण्याच्या समितीला आतून उघडून दाखवायची. "मान भावजींची, मटान आमचं," हौसाबाई म्हणाल्या. मेंढीबद्दल हळवं व्हायची त्या घरात पद्धत नव्हती.

पहिल्या दोन मेंढ्यांच्या नळ्या आठवड्यात बुजल्या. तिसरी कवडी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. इंदापूरचे गुरांचे डॉक्टर सरांचे मित्र होते, त्यांनी तिच्या मानेत बोटभर नळी बसवली. आता दाणे संपले होते आणि समितीनं दिलेल्या मुदतीतले सहाच महिने उरले होते. कवडी ही सरांची शेवटची मेंढी होती.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सरांना पेपर तपासायला पुण्याला जावं लागलं, म्हणून थर्मामीटर आणि वही घेऊन मी निमगावला गेले. भर दुपार. कवडी कुडाला टेकून उभी, मान खाली, डोळे मिटलेले. दोन दिवस पाला तोंडात धरला नव्हता. आण्णा बाजेवर कुबडी घेऊन बसलेले.

"चालली ही," हौसाबाई म्हणाल्या.

मी वही उघडली, मिटली. ताप मोजला. पुन्हा मोजला. मग रडायला लागले.

"आता गं बया," हौसाबाई म्हणाल्या, "ही आन् कशापायी रडतीय?" त्यांनी घरातून भंडाऱ्याची पिशवी आणली. "बाई, मी बिरोबाला बोलती. पर मेंढी भावजींची हाय. त्यांच्या वतीनं तुमी व्हय म्हणा."

इथे सांगायला हवं, की दोनच महिन्यांपूर्वी कॉलेजात 'अंधश्रद्धा आणि आजची स्त्री' या विषयावर मी पाऊण तास भाषण ठोकलं होतं. टाळ्या घेतल्या होत्या.

"म्हणते," मी म्हणाले.

हौसाबाईंनी कवडीच्या कपाळाला हळद फासली. "देवा, वाचली तर तुझी. हिला सुरी लागू द्यायची न्हाय." माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "हो, हो." एकदा पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी कवडीनं बाभळीच्या शेंगा खाल्ल्या. मला धन्य वाटलं. देवाला सोडलेल्या जनावराला कुणी कापत नाही, विकत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सहा महिने लांब होते, बस्स. आणि सरांना सांगायचं म्हणजे भाषणासकट सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले.

दर रविवारी सर बारामतीहून निमगावला येत. कधीकधी मीही. ते कवडीशेजारी बसत, नळीच्या पलीकडे, जबड्याखाली नाडीवर दोन बोटं टेकवत. डोळे मिटत. मग वहीत लिहीत, 'हाय'. शरीराचं तापमान, वजन हे सगळं मी लिहायची, सुबक तक्त्यात. सरांच्या रकान्यात एवढंच. हाय. हाय. हाय. नळी उघडी होती. रक्त जात होतं. इतक्या बारीक मापात. पण आत काय चाललंय, पेशी धरल्या की नुसतं नशीब जोरावर आहे, हे कापल्याशिवाय कळणार नव्हतं. सर दिवस मोजत होते आणि मीही. ते आनंदानं.

तो दिवस उजाडला. समितीचे एक गृहस्थ पुण्याहून चकचकीत बूट घालून आले होते. डॉक्टर सुरी आणि औषधाची बरणी घेऊन आले. हौसाबाई कवडीच्या दाव्यापुढे उभ्या राहिल्या.

"हिला न्हाय कापायची."

"आवो वैनी, ठरलंय न्हवं?"

"ठरल्यावर आनिक येक ठरलं. बिरोबाची हाय ती. इचारा बाईंला."

सगळे माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं. रडले का? अर्थात रडले. त्या काळात मला दुसरं काही येत नव्हतं.

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मेडलबाई," एवढंच म्हणाले. "तुमी?"

समितीचे गृहस्थ हसले. "मदने, अहो, एका मेंढीचा प्रश्न आहे. आपण विज्ञानातली माणसं."

आण्णा बाजेवरून म्हणाले, "ज्ञानू, मेंढी आमी तुला दिलीय. तू म्हनशील ते. हौसे, तू बाजूला व्हय."

हौसाबाई हलल्या नाहीत. "आवो, तुमचा पाय गेला तवा मी कुनाला काय म्हनली का? भावजी, त्ये नळीचं मला कळतं. पर शबूद दिलाय."

सर देवाला हात जोडणाऱ्यांतले नव्हते. जत्रेला जात ते घोंगड्या बघायला. त्यांनी एकदा भलताच प्रयत्न केला. "वैनी, देवाला समदी मेंढी बोललाय का? बोटभर मान सोडून?"

"मान सोडून मेंढी जगती व्हय, भावजी?"

डॉक्टरांना हसू आवरेना. सरांनी खिशातली लोकर काढली आणि पिळत बसले. हातभर तार झाली तेव्हा ते उठले आणि डॉक्टरांच्या हातातली सुरी घेऊन पुन्हा कापडात गुंडाळली.

"मदने, तुमचं सहा वर्षांचं काम आहे," गृहस्थ म्हणाले.

"व्हय. पर हिला कापली तर वैनी मला जेवाय वाढंल आन् तोंडाकडं बघणार न्हाय. मी ह्या घरात यायचं कुठं मग?"

"आणि पुरावा?"

सर कवडीपाशी बसले, जबड्याखाली बोटं टेकवली. "हात लावा, सायेब. लागतंय बगा."

गृहस्थांनी हात खिशात घातला. अहवालात त्यांनी लिहिलं, निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. महिन्याभरात आमच्या खोलीत पुन्हा सायकली आल्या.

परतीच्या बसमध्ये मी धीर करून विचारलं, "सर, राग आला ना माझा?"

"आला की. लई शिव्या दिल्या, मनात. मेडलासकट." थोड्या वेळानं म्हणाले, "तुमचा ताप मोजलेला तक्ता मात्र सुरेख हाय."

सर पुन्हा वर्गावर शिकवू लागले. मला त्यांनी दुसऱ्या प्रकल्पावर लावून दिलं. रविवारी मात्र निमगाव चुकलं नाही. एक वर्ष, दोन वर्षं, मग चार. कवडीला दोन कोकरं झाली. ती म्हातारी होत गेली, सर निवृत्तीला आले. वहीत 'हाय'ची पानं भरत गेली, आता शेजारी माझा तक्ता नव्हता. कॉलेजात लोक त्यांना चिडवत, "सर, देव काय म्हणतोय?" ते म्हणत, "चाललंय त्याचं. तो बी वाट बघतोय."

आमची इंदापूरला बदली होऊन पंधरवडा झाला होता. सकाळी सरांचा फोन आला. गावातल्या बूथवरून हौसाबाईंनी त्यांच्या शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला होता, "कवडी गेली. भावजींला म्हनावं, सुरी घिऊन या." मी इंदापुरातून निघाले, सर बारामतीहून.

कवडी कडुनिंबाखाली पोत्यावर ठेवली होती. कपाळाला ताजा भंडारा, उशाशी उदबत्ती. हौसाबाईंनी उदबत्ती उचलून बाजूला खोचली. "जिती हुती तवर देवाची. त्येचं झालं. आता तुमी तुमचं करा."

सरांनी मान उघडली. छातीकडून रक्तवाहिनी धरली आणि बोटानं वर वर जबड्यापर्यंत गेले. पुन्हा खाली आले. पुन्हा वर.

"नळी कुठंय?" मी विचारलं.

सर बोटानं चाचपतच होते.

"सर, दुसऱ्या बाजूची मान असेल," सुवर्णपदक म्हणालं.

त्यांनी चष्मा पुसला, नाक जवळजवळ मांसाला टेकवलं. तेव्हा डॉक्टरांचे टाके सापडले. निळ्या दोऱ्याचे इवलेसे टाके, एक फेर इथे, दुसरा बोटभर वर. मधे नळी नव्हती. मधे रक्तवाहिनी होती. ओलसर, गुलाबीसर, दाबली की दबणारी. सरांनी तो तुकडा काढला. मग दुसऱ्या बाजूची, जन्मापासूनची वाहिनी तेवढीच कापली, टाके काढून दोन्ही तुकडे ताटलीत ठेवले, ताटली फिरवली आणि माझ्यापुढे धरली. "वळखा."

मला ओळखता आलं नाही. दोन वेळा चुकले.

"निघालं का काय?" आण्णांनी बाजेवरून विचारलं.

"काय न्हाय निघालं, आण्णा."

आण्णांचा चेहरा उतरला. "मंजी समदं फुकट?"

"न्हाय न्हाय. नळी इरून गेली. तिनं तितं सोताची शीर केली." सरांचा आवाज नेहमीचाच होता.

हौसाबाईंनी वाकून पाहिलं. दोन शिरांचे तुकडे. "आन् मंग लोकांला दावनार काय?"

सरांनी ताटलीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. "व्हय की," म्हणाले, आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मांडी घालून तिथेच कवडीशेजारी बसले आणि हसले. मग आण्णाही हसायला लागले, कशाला ते न कळता.

कवडीला ओढ्याच्या काठी पुरलं. हौसाबाईंनी आम्हाला भाकरी आणि पिठलं वाढलं, सरांना दोनदा, आग्रह करकरून. दुपारी आम्ही स्टँडवर आलो. माझी गाडी इंदापूरकडे, त्यांची बारामतीकडे. त्यांची आधी आली. त्यानंतर माझी आणि सरांची भेट झाली नाही. मी चार गावं फिरले, पत्र लिहायचं राहिलं, आणि एक दिवस दुसऱ्याच कुणाच्या पत्रातून ते गेल्याचं कळलं. त्यामुळे माझ्यापाशी आहे ते एवढंच.

सर खिडकीशी बसले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बरणी. कंडक्टर तिकीट फाडता फाडता वाकला. "काका, बरणीत काय हो?"

"मेंढीची शीर."

"आजारी हुती का?"

"छ्या," सर म्हणाले. "चांगली हाय."

आणि गाडी सुटली.